चापाबाहेरचं बोट

या अंकासाठी संपादकांनी विषय दिला, 'शिकवणारे हात'. मी नेमबाजी मागून घेतली, आणि तीही पिस्तुलाची. कारण साधं होतं. बहुतेक विद्या चुकतमाकत शिकता येतात. सूर घसरला तर पुन्हा लावता येतो, रंधा चुकला तर लाकूड बदलता येतं. पिस्तुलाच्या बाबतीत पहिल्याच मिनिटाला झालेली एखादी चूक कायमची ठरू शकते. अशी विद्या कोऱ्या पाटीच्या माणसाला शिकवतात कशी, हे मला जवळून बघायचं होतं.

बघण्यासाठी मी त्सुफेनहाउझेन निवडलं. जर्मनीतल्या स्टुटगार्टचा हा उत्तरेकडचा भाग १९३१ साली शहरात सामील झाला. जग त्याला पोर्शं मोटारींचं गाव म्हणून ओळखतं. कारखाना इथेच आहे आणि २००९ साली उघडलेलं कंपनीचं संग्रहालयही. लोकल गाडीच्या एका स्थानकाच्या नावातही पोर्शं आहे. स्टुटगार्ट आणि मुंबई ही १९६८ पासूनची भगिनी शहरं. मोटारउद्योगाच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबं आता या परिसरात रुळली आहेत.

पण मोटारींमुळे मी इथे आले नव्हते. इथून जेमतेम वीस किलोमीटरवर विनेंडन नावाचं गाव आहे. ११ मार्च २००९ रोजी तिथल्या शाळेत जे घडलं, त्याने या देशातलं बंदुकीचं शिक्षण बदलून टाकलं. शिवाय २०२२ पासून स्टुटगार्टच्या आसपास तरुणांच्या दोन टोळ्यांमध्ये गोळीबार होत राहिले. जून २०२३ मध्ये आल्टबाख गावात तर अंत्यविधीला जमलेल्या लोकांवर हातबॉम्ब टाकला गेला. या दोनपैकी एका टोळीच्या संदर्भात त्सुफेनहाउझेनचं नाव वर्तमानपत्रांत वारंवार आलं. एकाच वस्तीत एकीकडे बेकायदा पिस्तूल आणि दुसरीकडे आठवड्याच्या ठरल्या संध्याकाळी रांगेत उभं राहून नेम धरायला शिकणारी माणसं. या दुसऱ्या माणसांना काय शिकवलं जातं, हे समजून घेणं मला महत्त्वाचं वाटलं.

पहिल्या संध्याकाळी पिस्तूल मिळत नाही

जर्मनीत नेमबाजी ही गावकीची गोष्ट आहे. जर्मन नेमबाजी महासंघ १८६१ साली गोथा शहरात स्थापन झाला. आज त्याचे तेरा लाखांच्या आसपास सभासद आहेत. नेमबाजी मंडळांच्या परंपरेला २०१५ साली देशाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळालं. गावोगावच्या मंडळांचं स्वतःचं छोटं सभागृह, स्वयंपाकघर, भिंतीवर जुन्या विजेत्यांच्या ढाली आणि मागच्या बाजूला रेंज असते. मी गेले ते मंडळही असंच होतं. शिकवणारे गृहस्थ कारखान्यातून निवृत्त झालेले, आवाज मऊ, पण एकच सूचना दहादा सांगायला न कंटाळणारे.

नवशिक्यांचा गट छोटा होता. त्यात एक मराठी आई आणि तिची चौदा वर्षांची मुलगी होती. आई मूळची नाशिकची. मुलीने टीव्हीवर मनू भाकरचं ऑलिंपिक पदक पाहिलं आणि हट्ट धरला.

"ताई, खरं सांगू का," आई मला म्हणाली, "मला अजून भीतीच वाटते. आमच्याकडे सात पिढ्यांत कुणी बंदूक धरली नाही."

तिची भीती शिक्षकांना चुकीची वाटली नाही. मी त्यांना ती सांगितली तेव्हा ते म्हणाले, भीती असलेली माणसं बरी, ती ऐकतात.

पहिल्या संध्याकाळचा बराच वेळ टेबलाभोवती गेला. टेबलावर एक रिकामं पिस्तूल होतं. मॅगझिन बाहेर काढून बाजूला, मागची स्लाइड उघडी, आणि नळीतून आरपार घातलेली भडक नारिंगी दोरी. ती दोरी दिसली की पाच पावलांवरूनही कळतं की आत गोळी नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही अशी खूण सक्तीची असते.

मग नियम आले, जगभरच्या रेंजवर सांगितले जातात तेच. प्रत्येक पिस्तूल भरलेलं आहे असंच समजायचं. नळी कायम लक्ष्याच्या दिशेला ठेवायची. नेम लागल्याशिवाय बोट चापावर न्यायचं नाही. लक्ष्याच्या मागे काय आहे ते ठाऊक असल्याशिवाय गोळी सोडायची नाही. हे चार नियम एकमेकांना सांभाळून घेतात. कुणी एक विसरला तरी उरलेले तीन जखम होऊ देत नाहीत. अपघात घडायला एकाच क्षणी दोन-तीन नियम मोडावे लागतात. म्हणून सगळ्यांची सवय इतकी खोल मुरवायची की थकल्यावर किंवा घाबरल्यावरही हात आपोआप तसेच वागतील.

पिस्तूल एकमेकांच्या हातात द्यायचं नाही, हेही तिथेच शिकवलं. देणारा ते उघडं करून, नळी लक्ष्याकडे ठेवून टेबलावर ठेवतो आणि मागे सरकतो. घेणारा पुढे येऊन स्वतःच्या डोळ्यांनी आणि बोटाने रिकामेपणा तपासतो. "मी आत्ताच पाहिलंय" हे वाक्य रेंजवर चालत नाही. कुणीही लक्ष्यांकडे चालत जाणार असेल, तर सगळी पिस्तुलं उघडी करून टेबलावर आणि सगळी माणसं रेषेच्या मागे. रेंजवर देखरेख करणाऱ्याचा शब्द तिथे अखेरचा. मात्र "थांबा" म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाला असतो, चौदा वर्षांच्या मुलीलाही.

एकच गोळी

नवशिक्याला सुरुवातीला मॅगझिनमध्ये एकच गोळी देतात. याचं कारण नवशिक्याच्या स्वभावात आहे. पहिली गोळी सुटली की माणूस हरखतो किंवा दचकतो, आणि दोन्ही वेळा मागे वळून शिक्षकाकडे बघतो. मान वळते, तिच्यासोबत खांदा वळतो, खांद्यासोबत हात, आणि हातात पिस्तूल असतं. त्या क्षणी आत दुसरी गोळी असेल तर ती कुणाकडे जाईल हे सांगता येत नाही. म्हणून एक गोळी, एक फैर, मग पिस्तूल उघडून टेबलावर. शिक्षकाची उभं राहण्याची जागाही ठरलेली असते. शिकणाऱ्याच्या पिस्तूलधारी हाताच्या बाजूला, किंचित मागे. शिकणारा वळायला लागलाच तर त्याचं मनगट धरून पुन्हा समोर करता आलं पाहिजे.

मी पाहिलं तेव्हा एका तरुणाचा खांदा असाच वळू लागला. शिक्षकांचा तळहात आधीपासूनच त्याच्या मनगटाशेजारी होता. आवाज न चढवता त्यांनी हात समोर केला, पिस्तूल टेबलावर ठेवायला लावलं, आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं करायला सांगितलं. ओरडणं टाळण्यामागेही विचार आहे. ओरडलं की अंग आखडतं, मूठ आवळते, आणि मुठीसोबत चापावरचं बोटही आवळलं जातं.

मुलीच्या हातात मात्र छर्ऱ्याचं, दाबलेल्या हवेवर चालणारं पिस्तूल होतं. वयाचे टप्पे जर्मन कायद्याने आखून दिले आहेत. बाराव्या वर्षापासून देखरेखीखाली हवेची शस्त्रं, चौदाव्यापासून पॉइंट टू टूसारखी छोट्या कॅलिबरची, आणि मोठ्या कॅलिबरला अठरा वर्षं पूर्ण हवीत. अल्पवयीन मुलांसाठी पालकांची संमती आणि मुलांना शिकवण्यास पात्र माणसाची हजेरीही लागते. बारा वर्षांखालच्यांसाठी अनेक मंडळांत प्रकाशाच्या किरणांवर चालणारी पिस्तुलं असतात. त्यातून काहीच सुटत नाही, पण उभं राहणं, श्वास आणि शिस्त तीच शिकली जाते. चौदाव्या वर्षी छोट्या कॅलिबरची मुभा असूनही मंडळाने या मुलीला हवेच्या पिस्तुलावरच ठेवलं होतं. पाया त्यावर पक्का होतो, असं शिक्षकांचं म्हणणं.

एका मिलिमीटरचं गणित

पिस्तूल अवघड का, याचं उत्तर त्याच्या आखूडपणात आहे. पिस्तुलावर दोन साइट असतात. मागची खाच आणि पुढचा उभा ठोकळा. खाचेच्या बरोबर मध्ये ठोकळा दिसायला हवा, दोन्हीकडे सारखा उजेड आणि वरची कड एका रेषेत. ऑलिंपिक धर्तीच्या एअर पिस्तुलावर या दोन साइटमध्ये साधारण ३२ सेंटीमीटर अंतर असतं आणि लक्ष्य दहा मीटरवर. पुढची साइट खाचेत एक मिलिमीटर बाजूला सरकली, तर छर्रा लक्ष्यावर सुमारे ३१ मिलिमीटर बाजूला पडतो. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास साडेअकरा मिलिमीटर. म्हणजे त्या एका मिलिमीटरपायी दहाचे सात झाले.

आता उलट बघा. साइट एकमेकींशी अचूक जुळलेल्या आहेत, पण सगळा हातच अर्धा सेंटीमीटर बाजूला गेला आहे. तेव्हा छर्राही अर्धाच सेंटीमीटर बाजूला पडेल आणि दहा गुण मिळतील. हात हलणं हा गुन्हा नाही, साइट विस्कटणं हा आहे. हे कळलं की नवशिक्याच्या खांद्यावरचं ओझं उतरतं. जगज्जेत्याचाही हात हलतो.

याच कारणाने नजर लक्ष्यावर ठेवायची नसते. डोळा एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू स्पष्ट पाहू शकतो. म्हणून पुढची साइट धारदार आणि लक्ष्याचं काळं वर्तुळ धूसर, असं चित्र शिकवतात. नवशिक्याचं मन याला तयार होत नाही, कारण ज्याला मारायचं त्याकडे बघावंसं वाटतं. त्यावर उपाय म्हणून शिक्षकांनी लक्ष्याचा कागदच उलटा लावला. समोर नुसतं पांढरं. बघायला काही उरलंच नाही, तेव्हा मुलीची नजर आपोआप साइटवर आली. तिचे पाच छर्रे त्या कोऱ्या कागदावर एकमेकांजवळ पडले. आधी छर्रे एका जागी यावेत, मग ती जागा मध्यावर आणता येते. साइटचे स्क्रू फिरवण्याचं काम सोपं आहे, हात घडवण्याचं नाही.

दचकणं आणि त्यावरचं औषध

मोठ्यांच्या गटात, पंचवीस मीटरच्या रेंजवर, वेगळीच लढाई चालू होती. स्फोट होणार हे मेंदूला ठाऊक असतं, म्हणून तो गोळी सुटण्याच्या क्षणभर आधीच मनगट खाली दाबतो, डोळे मिटतो. नेम कितीही चांगला असला तरी गोळी खाली जाते. विद्यार्थ्याला वाटतं पिस्तूल खराब आहे.

यावरचं औषध जुनं आहे. शिक्षक मॅगझिनमध्ये खऱ्या गोळ्यांत एखादी बिनदारूची नकली गोळी मिसळतात. ती कितवी हे शिकणाऱ्याला माहीत नसतं. नकली गोळीवर चाप ओढला जातो, आवाज होत नाही, आणि तरीही पिस्तुलाचं तोंड खाली झुकतं. मनगटाची ही चुगली विद्यार्थी स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. त्यानंतर त्याला समजवावं लागत नाही. उरतो तो सराव, बराचसा रिकाम्या पिस्तुलाने. आपल्याकडचे नेमबाज त्याला 'ड्राय' म्हणतात. चाप सरळ मागे, हळूहळू, दाब वाढवत न्यायचा, साइट हलू द्यायची नाही, आणि खटका पडल्यावरही क्षणभर तसंच उभं राहायचं.

तिथे उभी असताना मला या शिक्षणाचा गाभा दिसला. सुरक्षा आणि अचूकता हे दोन वेगळे तास नाहीत. बोट चापाबाहेर ठेवायचं ते सुरक्षेसाठी, बोट चापावर संयमाने दाबायचं ते अचूकतेसाठी. बोट एकच आणि त्यावरचा ताबाही एकच. ज्याला बोट बाहेर ठेवता येत नाही, त्याला ते नीट दाबताही येत नाही. म्हणूनच चांगला शिक्षक गुण मोजण्याआधी बोट बघतो.

विनेंडन: धडा रेंजबाहेर संपतो

पण रेंजवर सगळं नियमात झालं तरी शिक्षण पूर्ण होत नाही. विनेंडनने हे फार मोठी किंमत घेऊन शिकवलं. ११ मार्च २००९ च्या सकाळी सतरा वर्षांच्या एका मुलाने आपल्या जुन्या शाळेत जाऊन गोळीबार केला. शाळेत नऊ विद्यार्थी आणि तीन शिक्षिका गेल्या, बाहेर आणखी तिघे. शेवटी त्याने स्वतःवर गोळी झाडली. पिस्तूल वडिलांचं होतं, परवान्याचं. वडील नेमबाजी मंडळाचे सभासद होते. त्यांची बाकीची शस्त्रं तिजोरीत कुलूपबंद होती आणि हे एक पिस्तूल शयनगृहात. पुढे स्टुटगार्टच्या न्यायालयाने निष्काळजीपणाबद्दल वडिलांना दोषी ठरवलं.

त्याआधी २००२ मध्ये एरफुर्टच्या शाळेतही असाच संहार झाला होता, आणि कायदे तेव्हाही कडक झाले. विनेंडननंतर मोठ्या कॅलिबरसाठीचं वय चौदावरून अठरावर गेलं. शस्त्र कसं ठेवलं आहे हे पाहायला अधिकारी कसलाही संशय नसताना घरी येऊ शकतात, ही तरतूद झाली. देशभरातल्या शस्त्रांची एकत्र नोंदवही २०१३ पासून सुरू झाली. विनेंडनच्या काही पालकांना एवढंही पुरेसं वाटलं नाही. मोठ्या कॅलिबरची शस्त्रं क्रीडा नेमबाजीतून हद्दपार करा, अशी त्यांची मागणी होती. ज्यांनी मुलं गमावली त्यांची ही मागणी सहज बाजूला सारता येत नाही, आणि सारूही नये.

आज या देशात क्रीडा नेमबाजाला स्वतःचं पिस्तूल हवं असेल तर आधी मान्यताप्राप्त मंडळात किमान वर्षभर नियमित सराव करावा लागतो. शस्त्रज्ञानाची लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. गुन्हेगारी नोंद तपासली जाते. पंचवीस वर्षांखालच्या माणसाला पहिलं मोठ्या कॅलिबरचं शस्त्र घ्यायचं तर मानसिक योग्यतेचा अहवाल लागतो. घरात प्रमाणित तिजोरी असल्याचं दाखवावं लागतं. म्हणून नवशिक्यांच्या वर्गात तिजोरीवर स्वतंत्र तास होतो. किल्ली कुठे, आकडा कुणाला माहीत, आठवड्यातून एकदा सराव करणारा घरी परतला की पहिलं काम कोणतं, असे प्रश्न. शिक्षकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, तुमच्या मुलाला आकडा माहीत असेल तर तिजोरी नाहीच असं समजा. विनेंडनचं नाव त्यांनी घेतलं नाही. खोलीत सगळ्यांना ते ऐकू आलं.

कोल्हापूर आणि म्युनिक

मराठी वाचकाला ही विद्या परकी वाटायचं कारण नाही. कोल्हापूरने तिला मोठं केलं आहे. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकलाच ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलमध्ये कांस्यपदक घेऊन आला. आणि पिस्तुलाच्या बाबतीत राही सरनोबत.

राहीने कोल्हापुरात नेमबाजी सुरू केली. २०१३ मध्ये दक्षिण कोरियातल्या चांगवोन इथे विश्वचषक स्पर्धेचं सुवर्ण जिंकलं. नंतर कोपराच्या दुखापतीने तिला मागे ओढलं. त्यातून परतताना तिने मार्गदर्शक म्हणून मुन्खबायर दोर्जसुरेन यांना निवडलं. मंगोलियात जन्मलेल्या मुन्खबायर जर्मनीत स्थायिक झाल्या. १९९२ मध्ये मंगोलियासाठी आणि २००८ मध्ये जर्मनीसाठी त्यांनी २५ मीटर पिस्तुलात ऑलिंपिक कांस्य मिळवलं. दोनदा त्या जगज्जेत्याही होत्या. ऑगस्ट २०१८ मध्ये आशियाई स्पर्धेत राही आणि थायलंडची नाफस्वान यांगपैबून ३४ गुणांवर बरोबरीत राहिल्या. दोन शूट-ऑफनंतर सुवर्ण राहीकडे आलं. आशियाई सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. पुढच्या वर्षी म्युनिकच्या विश्वचषकात सुवर्ण जिंकून तिने टोकियो ऑलिंपिकचं स्थान पक्कं केलं.

राहीच्या या २५ मीटर पिस्तूल प्रकाराच्या वेगवान टप्प्यात हात खाली, पंचेचाळीस अंशांवर धरून उभं राहायचं असतं. संकेत मिळाला की तीन सेकंदांत हात उचलून, साइट जुळवून, एक गोळी. मग सात सेकंद हात पुन्हा खाली, आणि पुन्हा तीन सेकंद. बघणाऱ्याला हा वेगाचा खेळ वाटतो. प्रत्यक्षात त्सुफेनहाउझेनमधला नवशिका संथपणे जे करत होता तेच इथे घाई न करता तीन सेकंदांत बसवलेलं असतं. जगज्जेतीने शिकवलं तरी ती वेगळं शिकवत नाही. साइट, श्वास, बोट. एवढंच, पण हजारो वेळा.

आपल्या दारात

आपल्याकडे एनसीसीने कितीतरी मुलामुलींच्या हातात पहिल्यांदा रायफल दिली. वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशन, बालेवाडीचं क्रीडासंकुल, पनवेलची सुमा शिरूर यांची अकादमी, कोल्हापूरची दुधाळी रेंज, अशा ठिकाणी ही विद्या गंभीरपणे शिकवली जाते. आता शहरोशहरी, इमारतींच्या तळमजल्यावर, दहा मीटरच्या एअर रेंज उघडल्या आहेत. हे चांगलं आहे. मात्र एअर पिस्तुलाला साध्या बंदुकीसारखा परवाना लागत नाही म्हणून ते खेळणं ठरत नाही. छर्रा डोळा फोडू शकतो. आणि एअर पिस्तुलावर लागलेली वाईट सवय पुढे खऱ्या गोळीच्या पिस्तुलावर तशीच जाते.

नाशिकच्या त्या आईला मी निघताना विचारलं, भीती गेली का. ती म्हणाली, "गेली नाही ताई, पण आता ती कशाची हे मला माहीत आहे. पिस्तुलाची नाही, बेफिकिरीची."

मुलाला नेमबाजीच्या वर्गात घालणाऱ्या प्रत्येक पालकाला माझी विनंती आहे. तिथे किती पदकं आली हे विचारण्याआधी एक तास रेंजच्या मागे उभे राहा. शिक्षक नवशिक्याच्या शेजारी उभा राहतो का, की मोबाइल बघत बसतो? पिस्तूल टेबलावर उघडं ठेवलं जातं का? लक्ष्याकडे कुणी जाताना सगळे मागे सरकतात का? सराव संपल्यावर शस्त्र कुणाच्या कुलपात जातं आणि किल्ली कुणाकडे राहते? कानाला, डोळ्याला संरक्षण दिलं जातं का, आणि छर्रे हाताळल्यावर मुलांना हात धुवायला लावतात का? शिशाचा कण पोटात जाऊ नये म्हणून हेही तितकंच गरजेचं. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही असं आलं, तर मुलाला घेऊन घरी या आणि दुसरी रेंज शोधा. रेंज चालवणाऱ्यांनी असे प्रश्न विचारणाऱ्या पालकाला त्रासदायक न मानता आपला सहकारी मानावं. ज्या शिक्षकाला विद्यार्थ्याच्या गुणांआधी त्याचं बोट दिसतं, त्याच्याच हाती आपलं मूल सोपवावं.